विष सापाचे, आग आपली

जून सरता सरता शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भाताच्या आवणीला वेग येतो. त्याच सुमारास तिथल्या सरकारी दवाखान्यांच्या रजिस्टरात एक नोंद पुन्हा पुन्हा दिसू लागते. गावात तिचे नाव वेगळे असते. ‘साप चावला’ असे सहसा कुणी म्हणत नाही. ‘पान लागलं’ म्हणतात. राबातली रोपे उपटताना, बांधावरून चालताना, पेंढ्यात हात घालताना किंवा पडवीत जमिनीवर झोपलेले असताना पान लागते. देशाचे चित्रही याहून वेगळे नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते.

जीव घेणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांपैकी घोणस एका दंशात सरासरी ६० मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. हे वजन तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढे. सकाळी घोट्याजवळ दोन बारीक खुणा असलेला पाय संध्याकाळपर्यंत मांडीपर्यंत सुजतो, चकाकतो, त्यावर पाण्याचे फोड येतात. ‘एवढ्याशा विषाने एवढा पाय कसा सुजला?’ हा नातेवाइकांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की सगळे काम विष करतच नाही. विष ठिणगी टाकते. पुढची बरीच आग रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातली विकरे आणि रोगप्रतिकारक पेशी लावतात.

विकर म्हणजे एन्झाइम. अन्न पचवण्यापासून रक्त गोठवण्यापर्यंतची शरीरातली रासायनिक कामे विकरांमुळे झपाट्याने होतात. सापाचे विष ही मुळात बदललेली लाळ, त्यामुळे तीही विकरांनी भरलेली असते. त्यातले एक इथे महत्त्वाचे : फॉस्फोलायपेज ए-२. नाव अवघड, पण काम सोपे आहे. ते मेद कापते.

कुठला मेद? पोटावर साठतो तो नव्हे. शरीरातली प्रत्येक पेशी एका अत्यंत पातळ दुहेरी पडद्यात गुंडाळलेली असते आणि तो पडदा मुख्यतः फॉस्फोलिपिड नावाच्या मेदाचा बनलेला असतो. अंड्याच्या बलकातले लेसिथिन याच कुळातले. या रेणूला एक डोके आणि दोन लांब शेपट्या असतात. डोकी पाण्याच्या बाजूला, शेपट्या आतल्या बाजूला, अशा दोन रांगा समोरासमोर उभ्या राहिल्या की पडदा तयार होतो. विषातले विकर या रेणूची नेमकी एक शेपटी छाटते. मग हाती दोन तुकडे येतात आणि दोन्ही उपद्रवी असतात.

एकच शेपटी उरलेला तुकडा साबणासारखा वागतो. साबण तेलकट थर विरघळवतो, तसा हा तुकडा पेशीचा पडदा विस्कटतो, तांबड्या पेशी फुटू लागतात. प्रेस्टन काइज या संशोधकाने १९०२ मध्ये जर्मनीत पॉल एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत नागाचे विष आणि लेसिथिन एकत्र केले, तेव्हा तांबड्या पेशी फोडणारा जहाल पदार्थ तयार झाला. विष आणि पेशीतला मेद यांचे नाते तेव्हाच हाती लागले होते.

छाटलेल्या शेपटीची गोष्ट जास्त मोठी आहे. ती बऱ्याचदा ॲराकिडॉनिक आम्ल नावाचे मेदाम्ल असते. पेशीच्या पडद्यात ते एरवी गप्प बसलेले असते. सुटे झाले, की पेशीतली दुसरी विकरे त्याच्यावर काम करून काही मिनिटांत त्यापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राईन ही संदेशवाहक रसायने बनवतात. प्रोस्टाग्लँडिनमुळे वेदना वाढते, रक्तवाहिन्या फुलतात. ल्युकोट्राईनपैकी काही रक्तवाहिन्या झिरपवतात, काही पांढऱ्या पेशींना ‘इकडे या’ अशी हाक घालतात. म्हणजे पेशीचा पडदा ही नुसती भिंत नाही. संकटाच्या वेळी फोडायची हाकाटीची रसायने त्या भिंतीतच चिणून ठेवलेली असतात. कुठल्याही जखमेत ही हाकाटी होते आणि व्हायलाच हवी. विष मात्र एका जागी, एका क्षणी, हजारो पटींनी ती करवून घेते.

विज्ञानाला या हाकाटीचा सुगावाही सापाच्या विषानेच दिला. १९३८ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे फेल्डबर्ग आणि केलवे या दोघांनी प्राण्यांच्या फुप्फुसांतून नागाचे विष सोडले. बाहेर आलेल्या द्रवात स्नायू सावकाश पण दीर्घकाळ आकुंचित करणारा एक पदार्थ सापडला. तो काय आहे हे कळायला चाळीस वर्षे गेली. १९७९ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाने या रसायनांना ल्युकोट्राईन हे नाव दिले. १९८२ मध्ये सॅम्युएलसन यांना बर्गस्ट्रॉम आणि व्हेन यांच्यासह नोबेल मिळाले. आज दमा आणि ॲलर्जीसाठी घरोघरी दिसणारी मॉन्टेलुकास्टची गोळी ल्युकोट्राईनचेच दार बंद करते. तिची वंशावळ शोधत गेले, तर मागे कुठेतरी नाग फणा काढून बसलेला सापडतो.

याहून नवल म्हणजे हे विकर सापाची मक्तेदारी नाही. आपल्या अश्रूंत त्याचा एक प्रकार असतो आणि तो काही जिवाणूंचे पडदे कापून त्यांना मारतो. गंभीर जंतुसंसर्गात रक्तातले त्याचे प्रमाण वाढते. घोणस आणि फुरशाच्या विषातले फॉस्फोलायपेज रचनेने आपल्या रक्तातल्या या विकराशी जुळते. नाग-मण्यारीचे विकर मात्र आपल्या स्वादुपिंडातल्या, अन्नातला मेद पचवणाऱ्या विकराशी. सापाने नवे हत्यार शोधले नाही. सगळ्या कण्याच्या प्राण्यांच्या घरात होते तेच पाजळले. म्हणूनच ते आपल्या शरीरात इतके बिनबोभाट चालते.

घोणशीच्या विषात आणखी एक करामत आहे. रक्त गोठण्याची प्रक्रिया म्हणजे विकरांची साखळी : एक दुसऱ्याला जागे करते, दुसरे तिसऱ्याला. घोणशीचे विष साखळीतले पाचवे आणि दहावे घटक थेट जागे करते. ही सगळी जुळणी होते कुठे, तर पुन्हा पेशींच्या पडद्यावर. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा एक मेद एरवी पडद्याच्या आतल्या बाजूला तोंड करून असतो. पेशी दुखावली की तो बाहेर उलटतो. बाहेर आलेल्या या मेदावर गोठण घटक बसतात आणि मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशीही त्याच खुणेवरून ‘ही पेशी खायची’ हे ओळखतात. साखळीच्या शेवटी तयार होणारे थ्रोम्बिन रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि पांढऱ्या पेशी यांनाही चेतवते. गोठणारे साहित्य असे सगळीकडे उधळले गेल्यावर शिल्लक काही राहत नाही. मग हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही.

हे ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. काचेच्या कोरड्या, स्वच्छ परीक्षानळीत दोन मिलिलिटर ताजे रक्त घ्यायचे, २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे आणि मग नळी हळूच कलती करायची. रक्त वाहिले तर विष चढले आहे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठायला सुरुवात होते. प्लास्टिकच्या बाटलीत किंवा साबणाचा अंश राहिलेल्या नळीत उत्तर चुकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येणारी आणि जीव वाचवणारी याहून स्वस्त तपासणी क्वचितच असेल. शहरातल्या प्रयोगशाळांत हेच घोणशीचे विष अगदी वेगळ्या कामाला येते. काही रुग्णांचे, विशेषतः वारंवार गर्भपात होणाऱ्या काही स्त्रियांचे शरीर फॉस्फोलिपिडविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. ती शोधण्याच्या एका नेहमीच्या तपासणीत पातळ केलेले घोणशीचे विष वापरतात.

आता हाकेला धावून आलेल्या पेशींकडे वळू. त्यांत सर्वांत आधी पोहोचतात न्यूट्रोफिल, पांढऱ्या पेशींतली सर्वाधिक संख्येची फौज. या पेशींची एक अजब सवय विसेक वर्षांपूर्वी लक्षात आली. शत्रू गिळता येत नसेल तर त्या स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचे जाळे विणतात आणि शत्रूला त्यात अडकवतात. जिवाणूंपुरते हे ठीक. म्हैसूर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की फुरशाच्या विषावरही न्यूट्रोफिल असेच जाळे टाकतात. विष जाळ्यात अडकते खरे, पण त्याच जाळ्याने बारीक रक्तवाहिन्याही तुंबतात. परिणामी विष दंशाच्या जागीच कोंडले जाते आणि तिथला मांसल भाग सडतो. डीएनए कापणारे विकर दिल्यावर उंदरांच्या शेपट्या वाचल्या. हा प्रयोग उंदरांवरचा आहे, त्यावरून उद्या दवाखान्यात उपचार सुरू होणार नाही. पण फुरसे चावलेल्या काही जणांचे बोट जीव वाचल्यावरही काळे का पडते, याचा एक धागा त्यातून मिळतो.

पायाला करकचून दोरी बांधण्याचा सल्ला का चुकीचा, हेही त्यामुळे समजते. दोरीने रक्तपुरवठा तुटतो. विष, सूज आणि चवताळलेल्या पेशी तेवढ्याच भागात कोंडल्या जातात आणि दोरी सोडल्यावर सगळे एकदम वर जाते. ब्लेडने चिरणे त्याहून वाईट, कारण रक्त गोठेनासे झालेल्या माणसाला ती नवी जखम होते. करायचे ते एवढेच : जोडवी, पैंजण, कडे, चप्पल, घट्ट कपडा लगेच काढायचा, हाडाला फळी बांधतात तसा पाय स्थिर करायचा आणि रुग्णाला न चालवता न्यायचे. आतल्या पाड्यावर गाडी येत नसेल तर झोळी करावी, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवावे. दुखते म्हणून घरातली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी मात्र द्यायची नाही. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन रोखतात हे खरे, पण त्या रक्तस्राव वाढवतात आणि आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडांनाही त्रास देतात. पॅरासिटामॉल चालते.

मण्यार या सगळ्याला अपवाद, आणि म्हणून जास्त फसवी. तिच्या विषातही मेद कापणारे विकर असते, पण ते थेट मज्जातंतूंच्या टोकांवर जाऊन बसते. दंशाच्या जागी हाकाटी होत नाही, पेशी धावत येत नाहीत, सूज नाही, धड दुखतही नाही. झोपेत चावली तर कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला सकाळी पोटदुखी आणि पापण्या पडणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर मण्यारीचा संशय घ्यायलाच हवा. ‘सूज नाही म्हणजे विष नाही’ या समजुतीने अनेकांचे मोलाचे तास गेले आहेत. बिनविषारी सापाच्या दंशानंतर बरा झालेला रुग्ण भगताच्या खात्यात जमा होतो, मण्यारीचा रुग्ण मात्र कुणाच्याच खात्यात जमा होत नाही.

विषावर औषध एकच : प्रतिविष, दवाखान्याच्या भाषेत एएसव्ही. घोड्यांना चारही सापांचे विष थोडे थोडे टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे वेगळी काढतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी अनेक दशके जोडलेले आहे. १० मिलिलिटरची एक कुपी नाग किंवा घोणशीचे ६ मिलिग्रॅम, तर मण्यार किंवा फुरशाचे साडेचार मिलिग्रॅम विष निकामी करते. घोणशीच्या ६० मिलिग्रॅमसाठी १० कुप्या, असे पहिल्या मात्रेमागचे साधे गणित आहे. लहान मुलालाही तेवढ्याच द्याव्या लागतात, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही.

पण प्रतिविष फक्त मोकळे फिरणारे विष पकडते. कापलेला मेद ते जोडू शकत नाही, सुटलेली हाकाटी परत बोलावू शकत नाही, मण्यारीने निकामी केलेली मज्जातंतूंची टोके दुरुस्त करू शकत नाही. संपलेले गोठण घटक यकृताने नव्याने बनवायला सहाएक तास लागतात, म्हणूनच पुढची मात्रा ठरवण्यासाठी सहा तासांनी पुन्हा रक्ताची नळी पाहतात. दंशानंतरचा प्रत्येक तास म्हणजे आणखी काही कोटी पडदे फाटणे. डोळखांब किंवा टोकावड्याच्या आतल्या पाड्यावरून तालुक्याला पोहोचायलाच वेळ लागतो. तिथून ‘पुढे न्या’ म्हटले, की शहापूरहून ठाणे पन्नासहून अधिक किलोमीटर आणि मुरबाडहून कल्याण तीसच्या आसपास. त्यात महामार्गावरची कोंडी वेगळी.

पुढे न्यायला हरकत नाही. व्हेंटिलेटर किंवा डायलिसिस लागले तर न्यावेच लागते. हरकत आहे ती प्रतिविषाचा एकही थेंब न देता पाठवण्याला. असे का होते? भीतीमुळे. घोड्याची प्रथिने आपल्या शरीराला परकी असतात. काही रुग्णांत ती आत जाताच मास्ट पेशी फुटून हिस्टामिन सोडतात, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. विष सोसलेल्या शरीराची औषधावरही आग. ही भीती खोटी नाही, पण तिच्यावर इलाज हाताशी आहे : ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनालिन मांडीच्या स्नायूत. हे औषध सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवले, की प्रतिविष देणे कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरच्या आवाक्यातले काम आहे. श्रीलंकेत सुमारे हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीच दिलेल्या थोड्याशा ॲड्रेनालिनने गंभीर रिॲक्शन ४० टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या. सवयीने दिली जाणारी हायड्रोकॉर्टिसोन आणि ॲलर्जीची इंजेक्शने मात्र त्या रोखू शकली नाहीत. सवयी जायला वेळ लागतो, तरी ही सवय जायला हवी.

सरकारी पातळीवर गोष्टी हलू लागल्या आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने महाराष्ट्र आणि ओडिशात सर्पदंशाबाबत लोकजागृती आणि डॉक्टर-कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा जो प्रकल्प हाती घेतला, त्यासाठी निवडलेल्या तालुक्यांत शहापूर आहे. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२४ मध्ये आला. त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे केंद्राने राज्यांना कळवले.

संशोधनाची एक वाट थेट या मेद कापणाऱ्या विकरालाच रोखण्याची आहे. व्हॅरेस्प्लाडिब हे औषध मुळात माणसाच्या रक्तातल्या फॉस्फोलायपेजसाठी तयार झाले होते आणि पुढे ते हृदयविकारात वापरून पाहिले गेले. तिथे ते अपयशी ठरले. पुढे ते सापांच्या विकरालाही जखडते असे दिसल्यावर त्याच्या गोळीची चाचणी अमेरिका आणि भारतात झाली. २०२४ मध्ये आलेल्या निकालात एकूण रुग्णांत ठोस फरक दिसला नाही, दंशानंतर पाच तासांच्या आत औषध मिळालेल्यांत मात्र आशेला जागा दिसली. पाड्यावर आशाताईच्या पेटीत अशी गोळी ठेवता आली तर मोठीच गोष्ट होईल, पण ती वेळ अजून आलेली नाही आणि ती प्रतिविषाची जागा घेणारीही नाही.

एक गोष्ट घरी परतलेल्या रुग्णांसाठी. प्रतिविष मिळाल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत काहींना ताप येतो, सांधे दुखतात, अंगावर पुरळ उठते. गावात लगेच ‘विष अंगात राहिलं’ म्हणतात आणि पुन्हा भगताची वाट धरली जाते. ते विष नसते. घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे त्या प्रथिनांशी जुळून सांध्यांत आणि त्वचेत अडकलेली असतात. काही दिवसांच्या गोळ्यांनी हे बरे होते. लघवी कमी होणे किंवा चेहऱ्यावर सूज येणे मात्र मूत्रपिंडाचे लक्षण असू शकते, त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आवणी अर्धी राहिलेली असते म्हणून तपासणीला यायचे टाळले जाते. घरी सोडताना या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसाच्या कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला एक मिनिट पुरते.